मांडीला कळतं

सोमवार, ४

आजपासून दोन वह्या. एक ऑफिसची, जाड पुठ्ठ्याची. नवरा गाडी चालवताना जे बोलतो ते मी शेजारी बसून तिच्यात उतरवून घेते; अठरा वर्षं हेच करतेय. दुसरी ही. ऑफिसच्या वहीत ‘मी’ चालत नाही. मागच्या महिन्यात चुकून लिहून गेले, ‘मला वळणावर भीती वाटली’, तर त्याने ते खोडून वर लिहिलं, ‘वळणावर गाडी कलते.’ भीती माझी आणि नाव गाडीचं. त्याच दिवशी ठरवलं, आपली एक वही हवी.

आमच्या मोटारींच्या मासिकाच्या नव्या अंकासाठी तीन गाड्या आल्यात. तिन्ही आलिशान, अवाढव्य. आत बसायला पायरी चढावी लागते, आणि बसलं की रस्त्यावरची माणसं उगाचच बिचारी वाटायला लागतात. तिघींची तुलना करायची: वळणावर कोण कशी वागते, ताकद कुठल्या चाकांना जाते.

आमची पद्धत मीच विसरेन कधीतरी, म्हणून लिहून ठेवते. गाडी आली की आमच्या गॅरेजचे मिस्त्री तिच्या अंगावरची नावं, चिन्हं, आकडे सगळं पांढऱ्या चिकटपट्टीने झाकतात. स्टिअरिंगवरचंसुद्धा. मग ती नुसती पांढरी, हिरवी किंवा काळी. नावाला भुलून कौतुक व्हायला नको, म्हणून ही युक्ती नवऱ्यानेच पंधरा वर्षांपूर्वी काढली. इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागची की चारही, हे मिस्त्री एका कागदावर लिहितात, पाकिटात घालून चिकटवतात, आणि पाकीट संपादकांच्या कपाटात जातं. नवरा दोन तास गाडी चालवून आपलं उत्तर सांगतो. शेवटी सगळ्या ऑफिससमोर पाकीट फोडायचं. पंधरा वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही. कसं कळतं म्हणून विचारलं की म्हणतो, “मांडीला कळतं.” आता ते वाक्य दर अंकात त्याच्या नावाखाली छापतात. मांडीसाठी प्रसिद्ध असलेला दुसरा सज्जन गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही.

मागच्या सीटवर सासूबाई. असल्या गाड्या घेणारे लोक मागे बसतात, तेव्हा मागेही साक्षीदार हवा, असं संपादकांचं म्हणणं. पाच वर्षांपूर्वी ऐनवेळी कुणी मिळेना म्हणून आईंना एका दिवसापुरतं बसवलं. त्यांना गाडी लागते. संपादक म्हणाले, “वा! याहून चांगलं यंत्र कुठे मिळणार?” तेव्हापासून आई मांडीवर स्टीलचं पातेलं घेऊन बसतात. आतल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, परत आल्यावर किती सांडलं ते मी मापाच्या पेल्याने मोजायचं. शिवाय त्यांना जे वाटेल ते लिहायला वहीत एक रकाना आहे. तो कुणी वाचत नाही.

संध्याकाळी नवरा घरात आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात सापडली. “अरे, एवढे मजले चढलास, कळलं नाही?” तर पायाकडे बघून म्हणाला, “अरेच्चा!” या माणसाने म्हातारपणाआधीच विसरभोळेपणाचा सराव सुरू केलाय.

बुधवार, ६

आज पांढरी. विमानतळाच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर. टँकरने पाणी मारून ओला गोल तयार करतात, त्यावर गाडी गरागरा फिरवायची. चाकांचं खरं रूप तिथे उघडं पडतं.

नवऱ्याने बूट काढून ठेवले. “आजपासून अनवाणी. बोटांना नीट कळावं म्हणून.” एवढ्या वर्षांनी नवं तंत्र शिकतोय, मला कौतुकच वाटलं. अजून सवय नाही, त्यामुळे मधूनमधून खाली पायांकडे बघत होता.

पांढरी पाळण्यासारखी. खड्डा आला तर खड्ड्यालाच वाईट वाटावं. पण वळणावर आधी गाडी वळते आणि तिचं अंग सावकाश मागून येतं, जाडजूड बाई सोफ्यावरून उठावी तसं. मी हे मनात म्हणत होते, तेवढ्यात त्याने विचारलं, “तुला काय वाटलं?”

“मला?”

“मग काय पातेल्याला विचारतोय?”

अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी सोफ्याचं सांगितलं. वाटलं, हसेल, नाहीतर ‘हे काय वर्णन झालं?’ म्हणून झाडेल. म्हणाला, “लिही.”

आईंचा रकाना: ‘पोटात ढवळलं नाही. पण ब्रेक का असा लावतो?’ पाणी सांडलं दोन पेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर शंका आली. संपादक मागे म्हणत होते, आता फोनच बोललेलं लिहून घेतो. म्हणजे लेखनिकबाईंची गरज आहे का, याची ही परीक्षा तर नाही? नवराच परीक्षक असला म्हणून काय झालं. उद्यापासून विचार करून बोलायचं.

शुक्रवार, ८

हिरवी. ही अगदी वेगळी. ताठ, शिस्तीची, रस्त्यातला प्रत्येक खडा कळवणारी. ओल्या गोलात जोर दिला की मागची चाकं आधी ढकलतात, मग पुढची हळूच हात धरतात. हे वाक्य त्याचं. निदान अर्धं. ‘हात धरतात’ माझं, पण त्याने तसंच ठेवलं. पांढरी चारही चाकं सारखी फिरवते आणि हिरवी चारही पण कल मागे, असा निकाल दिला. मी मान डोलावली. माझ्या मान डोलावण्याला हल्ली किंमत आलीय.

दुपारी डांबर तापलं होतं. ब्रेकचं अंतर मोजायला तो अनवाणीच उतरला, टेप धरून इकडून तिकडे चालला. मी म्हटलं, “चटके बसतील.” “काही नाही गं, कोमट आहे.”

घरी आल्यावर फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. मला वाटलं, पाय धुऊन आला. बघते तर तळव्याला हा एवढा फोड, फुटलेला. “दुखत नाही?” “विचारात होतो, लक्ष गेलं नाही.” एवढा कसला विचार? गाड्याच तर आहेत.

आई कापूस घेऊन आल्या. खाली बसून त्याचा तळवा बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “याचे बाबाही कढत पाणी पायावर घ्यायचे आणि कोमट आहे म्हणायचे. साखर होती त्यांना.”

मी म्हटलं, “तुमच्या घरातले पुरुष सगळे गेंड्याच्या कातडीचे.”

आई हसल्या नाहीत. हल्ली त्या माझ्या विनोदांना हसत नाहीत. वय झालं.

सोमवार, ११

काळी. दिवस वाईट गेला, पण माझ्यासाठी चांगलाही गेला.

वाईट आधी. रबरी शंकूंमधून नागमोडी जाताना शेवटच्या शंकूपाशी थांबायचं असतं. गाडी थांबण्याऐवजी एकदम पुढे उसळली, शंकू खाली गेला, मग इतका करकचून ब्रेक की पातेलं आईंच्या अंगावर रिकामं. नवरा पांढराफटक. “चटई सरकली पायाखाली. लिही, चटई सरकते.” मी लिहिलं. या वहीत मात्र खरं लिहिते: मी वाकून बघितलं होतं, चटई हुकांना घट्ट अडकवलेली होती. पण तो म्हणतोय तर सरकली असेल आणि परत गेली असेल.

आईंना टॉवेल दिला. त्या ओल्या लुगड्याने तशाच बसून म्हणाल्या, “बस कर आता, बाळा.” चाळिशी उलटलेल्या माणसाला बाळ म्हटलं की टँकरवाले हसतात. तो म्हणाला, “अजून गोल राहिलाय, आई.”

आता चांगलं. गोलात काळीने जोर घेतला की तिचं नाक गोलाच्या बाहेर जायचं. स्टिअरिंग हातातून सुटू बघत होतं, हे मला त्याच्या मनगटांवरून दिसत होतं. त्याने विचारलं, “काय वाटतंय?” ‘नाक बाहेर जातंय’ हे फार शाळकरी वाटलं. परीक्षा आठवली. आणि मला माहितीय त्याला काय आवडतं: मागून रेटा देणाऱ्या गाड्या त्याच्या जिवाभावाच्या. मी डोळे मिटून, अगदी जाणकार चेहरा करून म्हटलं, “मागून कुणीतरी ढकलतंय. ठामपणे.”

मागून आवाज आला, “ढकलतंय कसलं डोंबल! पुढून ओढत नेतेय, दावं तोडलेल्या बैलासारखी.”

आम्ही दोघं हसलो. बैल मी आईंच्या रकान्यात टाकला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “नक्की मागून?” “नक्की.” “लिही. ताकद चारही चाकांना, मोठा वाटा मागे.”

पास झाले म्हणायचं.

मंगळवार, १२

लेख लिहून झाला. तो सांगतो, मी उतरवते. आज मात्र मी सांगितलं आणि तो ‘हं, हं’ म्हणत राहिला. सोफा आला, हात धरणं आलं, ठाम रेटाही आला. वाचताना कुणालाही वाटेल की उस्तादांची (ऑफिसात नवऱ्याला असंच म्हणतात) लेखणी एकदम हळवी झालीय.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. आमचं भांडण झालं नाही. ‘कलते’ की ‘झुकते’ यावरून दोन दिवस अबोला धरणारा माणूस माझे शब्द न चावता गिळतोय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने ऐकायला सुरुवात केली तर बायकोने संशय घेऊ नये, पण येतो.

गुरुवार, १४

आजच लिहिणार.

सकाळी अकराला सगळे संपादकांच्या खोलीत जमले. छपाईवाले, हिशेबनीस, मिस्त्री, आई सुद्धा. खुर्च्या पुरल्या नाहीत. पांढरीचं पाकीट: बरोबर. टाळ्या. हिरवीचं: बरोबर. टाळ्या. संपादक म्हणाले, “काळीचं फोडायची तरी काय गरज आहे?” आणि फोडलं.

‘ताकद फक्त पुढच्या चाकांना.’

मिस्त्रींनी कागद हातात घेऊन उलटा करून बघितला, जणू मागे माफी लिहिलेली असेल. कंपनीने या खेपेला साधी आवृत्ती पाठवली होती, चारही चाकंवाली नव्हे. ज्याने चालवली त्याला पहिल्या फेरीत कळायला हवं. नाक बाहेर जातं, स्टिअरिंग ओढ घेतं. हे मी सुद्धा पाहिलं होतं.

संपादक सावरले. “होतं कधीतरी. पाकीट आपल्या खोलीत फुटलंय. काळीच्या निकालाची ओळ बदलू, न चुकल्याची पंधराची सोळा वर्षं करू. कुणाला कळतंय?”

मिस्त्री म्हणाले, “चूक माझीच असेल, उस्ताद. कागदांची अदलाबदल झाली असेल.” अदलाबदल झालेली नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते ऑफिसची वही चाळायला लागले, काहीतरी आधार मिळतो का बघायला, आणि एका पानावर थांबले. “वहिनी, आईंच्या रकान्यात बरोबर लिहिलंय की. ‘पुढून ओढते.’”

सगळे मोकळेपणाने हसले. आई हसल्या नाहीत, नवरा हसला नाही, आणि मी हसता हसता थांबले. कारण तेव्हा मला कळलं.

ती चूक त्याची नव्हतीच. ‘मागून ढकलतंय’ हे वाक्य माझं होतं. मी ते बनवलं होतं, त्याला आवडावं म्हणून. आणि त्याने माझ्याकडून उसनं घेऊन आपल्या मांडीच्या नावावर छापायला दिलं होतं. तो माझी परीक्षा घेत नव्हता. माझ्यावाचून त्याला काही कळतच नव्हतं.

चप्पल. फोड. चटई. मी सगळं लिहिलंय, याच वहीत, स्वच्छ अक्षरात. लेखनिक उत्तम आहे. वाचणारी ठोंब.

शुक्रवार, १५

ऑफिसला गेले नाही. जुन्या ऑफिस-वह्या काढून बसले. नुसते सांडलेल्या पाण्याचे आकडे वाचले. दोन वर्षांपूर्वी: पाव पेला, अर्धा पेला. मागच्या वर्षी: एक, दीड. या वर्षी: दोन, अडीच, तीन. गाडी कुठलीही असो. आणि लेखांत आम्ही लिहीत आलोय, ‘हल्लीच्या गाड्यांचे ब्रेक पूर्वीसारखे हळुवार राहिले नाहीत.’ तीन कंपन्यांनी त्यावर खुलासे पाठवले होते. एका कंपनीने ब्रेक बदलले म्हणे.

आई शेजारी येऊन बसल्या. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा सुद्धा लावला नाही.

“आई, तुम्हाला माहीत होतं.”

“मला गाडी लागते. तरी पाच वर्षं मागे बसते, ती काय हौस म्हणून? पहिली तीन वर्षं हौस होती. मग त्याचं ब्रेक लावणं बदललं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“रकान्यात लिहायला सांगत होतेच की तुला. दर वेळी. तूच लिहायचीस आणि वही मिटायचीस.”

आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, “याच्या बाबांना मी तोंडावर सांगितलं होतं. सहा महिने बोलले नाहीत, आणि गाडी काही सोडली नाही. म्हणून या खेपेला वाटलं, त्याचं त्यालाच कळू दे.”

शनिवार, १६

दुपारी जेवणानंतर त्याला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. म्हटलं, “डोळे मीट. पंधरा वर्षं लोकांच्या गाड्या चिकटपट्टी लावून ओळखतोस, आज मी तुझी चाचणी घेते.”

त्याला समजलं असावं. तरी मिटले. हट्टी माणूस, चाचणीला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही.

पेनचं टोक उजव्या अंगठ्याला लावलं. “कुठे?”

“अंगठा.” बरोबर.

टाचेला लावलं. बराच वेळ. “टाच?” प्रश्नचिन्हासकट.

मग पेन माझ्या मांडीवर ठेवलं. हाताची घडी घालून बसले. “आता?”

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओला गोल आला की पडायच्या तशा. सगळं लक्ष एकवटून म्हणाला, “करंगळी. डावी. आता जरा जोरात लावलंस.”

त्याने डोळे उघडले, माझ्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं, मग पेनकडे. मी त्याच्या तळव्यावर हात ठेवला. तळवा गार होता आणि माझा हात तिथे आहे हे त्याला बघूनच कळत होतं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“आधी बोटं गेली. वाटलं, बूट घट्ट असतील.” मग, “ते गेलं तर मी काय करायचं गं? दुसरं मला काय येतं?”

मी म्हटलं, “काळीत काय वाटलं होतं? खरं सांग.”

“काहीच नाही. तिन्ही गाड्यांत मी फक्त पाय शोधत होतो. ब्रेकवर आहे की नाही. गाडीकडे लक्षच नव्हतं. पांढरी-हिरवी तुझ्या शब्दांवरून आणि अंदाजाने जुळवली.”

“आणि मी खोटं बोलले. मला पुढून ओढल्यासारखंच वाटलं होतं.”

तो उठून बसला. “मग मागून का म्हणालीस?”

“तुला आवडतं म्हणून.”

इतक्या दिवसांनी तो माझ्यावर ओरडला, “अगं, साक्षीदार आहेस की भाट?” काय बरं वाटलं! चांगलं पंधरा मिनिटं भांडलो. आई दारातून डोकावून समाधानाने परत गेल्या.

सोमवार, १८

तो स्वतः संपादकांकडे गेला. म्हणाला, “ओळ बदलायची नाही. छापा: काळी मला ओळखता आली नाही. पायांची संवेदना गेली आहे. दोन वर्षांत ज्यांच्या ब्रेकना नावं ठेवली, त्यांची माफी.” संपादक खुर्चीत बसूनच होते, तरी आणखी बसले. मिस्त्री गॅरेजच्या मागे जाऊन नाक शिंकरून आले आणि म्हणाले, धूळ फार.

मग संपादकांना काळजी पडली ती अंकाची. काळीचा निकाल लागलेलाच नाही. पुन्हा चाचणी हवी. कोण करणार?

नवरा माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे परवाना आहे, बावीस वर्षं. त्याच्या शेजारी बसून कुणाची बिशाद होती म्हणून कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, एवढंच.

बुधवार, २०

काळी. चालक मी. शेजारी तो, मांडीवर ऑफिसची वही. मागे आई आणि पातेलं.

पहिल्या फेरीत ओरडला, दुसरीत ओरडला, “अगं, क्लच शोधतेस की काय? नाहीये तो या गाडीत!” तिसऱ्या फेरीत मी म्हटलं, “गप्प बसून लिही. लेखनिक बोलत नसतो.” मागून आई खुदकन हसल्या. विनोदाला हसतात तर.

ओल्या गोलात शिरले. हात घामेजलेले. जोर दिला, नाक बाहेर जाऊ लागलं, आणि या वेळी ते मी मनगटांत धरून ठेवलं. शेजारी बघितलं तर तो डोळे मिटून, मान मागे टेकून बसला होता. मला वाटलं, झोपला. तेवढ्यात अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, “पुढची. फक्त पुढची ओढतायत. आंधळ्यालाही कळेल.” डोळे उघडले नाहीत. कडेने पाणी आलं होतं. “मांडीला कळतं गं अजून.”

मी न बघितल्यासारखं केलं. रस्त्याकडे लक्ष ठेवणं हे आता माझं काम आहे.

पातेल्यातलं पाणी मोजलं: दीड पेला सांडलं. मी काही मोठी चालक नाही.

उद्या डॉक्टरांकडे जायचंय, साडेदहाला. गाडी मी नेणार. आता ऑफिसची वही घेऊन बसलेय, त्याने लिहिलेलं नीट उतरवून काढायला. अठरा वर्षांत त्याचं अक्षर इतकं पहिल्यांदाच वाचतेय. लहान मुलासारखं, ओळ सोडून वर चढणारं. लिहिलंय:

‘काळी. चालक: बायको. वळणावर: भीती वाटली. (मला.) ताकद: पुढच्या चाकांना. ब्रेक: सुधारेल. मांडीला: कळतं. पायाला:’

पुढे रिकामं आहे. मी ते तसंच ठेवलंय.